मामाचा रिपोर्ट आणि भाच्याचा: हृदयाच्या धमन्यांची वेगळी रचना आणि पुढची वर्षं

नमस्कार. तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला तो कसा समजला ते आधी सांगतो. तुमचं वय ४८, देवगड तालुक्यात हापूसची बाग. गेल्या हंगामात पेट्या उचलताना आणि बागेतला चढ चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, बसलं की पाच मिनिटांत उतरायचं. कोल्हापूरला सीटी अँजिओग्राफी झाली. एलएडी या डावीकडच्या पुढच्या धमनीच्या मधल्या भागात मायोकार्डियल ब्रिज निघाला, म्हणजे धमनीचा थोडा भाग हृदयाच्या स्नायूखालून जातो; लांबी २० मिलिमीटर, खोली अडीच मिलिमीटर. त्याच्या अलीकडे, म्हणजे धमनीच्या सुरुवातीच्या भागात, २५ ते ३० टक्क्यांचा ब्लॉक. आता हा दोष जन्मजात असेल तर आयुष्याची किती वर्षं धरायची, बाग दुसऱ्याच्या हवाली करावी का आणि स्टेंट आत्ताच टाकून घ्यावा का, हे तुम्हाला विचारायचंय.

आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय. बहिणीचा मुलगा, वय २०, पोलिस भरतीचा सराव करताना पडला होता. त्याच्या सीटीत ‘डावी धमनी उजव्या बाजूच्या सायनसमधून निघते’ असं आलं, पण स्ट्रेस टेस्ट (कष्ट करायला लावून हृदय तपासण्याची चाचणी) नॉर्मल आहे, तो ठणठणीत आहे आणि पुन्हा धावायला लागलाय. घराण्यातच हा दोष आहे का, असं तुम्ही विचारता.

मी या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करणार आहे. भाच्याचं धावणं आजपासून बंद करा. पुढचं वाचण्याआधी त्याला फोन लावलात तरी चालेल.

तुमच्या घरात सध्या सगळे तुमच्या काळजीत आहेत आणि तो पोरगा पहाटे उठून मैदानावर जातोय. दोघांच्या रिपोर्टवर ‘जन्मजात वेगळी रचना’ असंच लिहिलेलं असलं तरी दोघांपुढचा धोका सारखा नाही. दोघांचीही सीटीची चित्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा पुढचं सगळं तुम्ही कळवलेल्या ओळींवर आधारलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्या महाधमनीच्या मुळाशी असलेल्या खोलगट जागांमधून निघतात. या जागांना सायनस म्हणतात. डावी धमनी डाव्या सायनसमधून निघते, उजवी उजव्या. भाच्याची डावी धमनी उजवीकडून निघालीय, म्हणजे डाव्या बाजूला पोहोचायला तिला कुठून तरी वळसा घ्यावा लागतो. सगळं भवितव्य या वळशावर ठरतं. ती फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या पुढून गेली असेल किंवा हृदयाच्या मधल्या पडद्याच्या स्नायूतून खालून गेली असेल, तर धोका बराच कमी. दोन मोठ्या धमन्यांच्या मधून गेली असेल, तर मात्र गंभीर. अशा वेळी धमनीचं तोंड गोल नसून बटणाच्या काजासारखं चिरलेलं असतं आणि सुरुवातीचा काही भाग महाधमनीच्या भिंतीतूनच जातो. माणूस जोरात धावला की रक्तदाब वाढतो, दोन्ही मोठ्या धमन्या फुगतात, भिंतीतला तो भाग दबतो आणि चिरलेलं तोंड आणखी मिटतं. हृदयाला रक्ताची सर्वांत जास्त गरज असते नेमकं तेव्हाच.

तुम्ही पाठवलेल्या ओळीत हा मार्ग कुठला ते नाही. पूर्ण रिपोर्टात असायला हवा, नसेल तर रेडिओलॉजिस्टकडे परत जाऊन लिहून घ्या. दुसरं, तो नेमका केव्हा पडला ते त्याला आणि सोबतच्या पोरांना विचारा. १६०० मीटर संपवून, थांबून, उभा असताना भोवळ आली असेल, तर त्याची साधी कारणंही असू शकतात: उपाशीपोटी धावणं, पाणी कमी पडणं, एकदम थांबल्याने रक्त पायात साचणं. पण पाय उचललेला असताना, वेगात, काही कळायच्या आत कोसळला असेल, तर तसलं पडणं मी कधीच साधं धरत नाही. आणि हा सीटी हातात असताना तर पहिल्या प्रकारचं पडणंही साधं म्हणून सोडून देणार नाही.

स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आहे याने सगळ्यांना हायसं वाटलंय, ते स्वाभाविक आहे. पण या एका विकारात ती चाचणी फार विश्वासाची नाही. २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चुकीच्या सायनसमधून निघालेल्या धमनीमुळे अचानक मृत्यू आलेले २७ तरुण खेळाडू त्यात होते. त्यांतल्या ज्या ६ जणांची मृत्यूपूर्वी स्ट्रेस टेस्ट झालेली होती, त्या सहाही जणांची नॉर्मल आली होती. बहुतेकांचा मृत्यू खेळताना किंवा खेळ संपताच झाला. धमनी प्रत्येक वेळी दबतेच असं नाही. शंभर वेळा धावून काही होत नाही आणि एखाद्या दिवशी होतं. म्हणून ‘आता त्रास नाही’ हे वाक्य तुमच्या बाबतीत मला दिलासा देतं, त्याच्या बाबतीत देत नाही.

मार्ग दोन धमन्यांमधला निघाला तर शस्त्रक्रिया करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही लक्षणं असतील तर शस्त्रक्रियाच सांगतात. डाव्या धमनीच्या बाबतीत तर लक्षणं नसली तरी ती योग्य ठरते असं म्हणतात. भिंतीत अडकलेला भाग आतून उघडतात किंवा धमनी सोडवून योग्य जागी बसवतात. छाती उघडून करायचं ऑपरेशन आहे, लहानसहान नाही. पण जन्मजात हृदयविकारांवर रोज काम करणाऱ्या सर्जनच्या हातून झालं तर त्यानंतरचं आयुष्य चांगलं असतं, आणि काही महिन्यांनी तपासण्या करून पुन्हा पळायची परवानगीही अनेकांना मिळते. यासाठी मुंबईला जावं लागेल. जाताना नुसता कागद नेऊ नका, सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. सर्जन स्वतः चित्रं बघतो, कागदावर ठरवत नाही. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

तोवर त्याने घरात कोंडून घेण्याची गरज नाही. कॉलेज, बाजारहाट, सपाटीवर चालणं चालू द्या. धावणं, कबड्डी, जिम, विहिरीत पोहणं, पैज लावून काहीही करणं बंद. भरती चुकेल याचं त्याला वाईट वाटणार, वीस वर्षांच्या मुलाला ते वाटायलाच हवं. पण हे त्याला आईने सांगण्यापेक्षा तुम्ही मामा म्हणून सांगितलंत तर ऐकेल. देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, तर जरूर लावा, आमच्याकडेही लावतात. सर्जनची तारीख मात्र कौलावर अडवून ठेवू नका.

आता तुमचं.

धमन्या साधारणपणे हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात. काही माणसांत त्यांचा थोडासा भाग स्नायूच्या पट्टीखाली शिरतो आणि पुढे परत वर येतो. १७३७ सालीच याचं वर्णन झालेलं आहे, म्हणजे ही काही नवी भानगड नाही. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत ढोबळमानाने चारांत एकाच्या हृदयात ती सापडते, काही अभ्यासांत त्याहून बरीच जास्त. साध्या अँजिओग्राफीत मात्र शंभरात जेमतेम पाच-सहा जणांत दिसते, कारण तिथे फक्त दाबली जाणारी धमनी दिसते, वरचा स्नायू दिसत नाही. सीटीत स्नायूही दिसतो. म्हणून गेल्या काही वर्षांत ‘ब्रिज आहे’ असं ऐकणारी माणसं माझ्या ओपीडीत वाढलीत. आजार वाढला नाही, सीटी वाढले.

इतकी सामान्य गोष्ट आयुष्य कमी करणारी असती तर आपल्याला ते फार आधी कळलं असतं. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांत नुसत्या ब्रिजमुळे आयुर्मान घटल्याचं सहसा दिसत नाही. तेव्हा ‘किती वर्षं धरायची’ याचं उत्तर: जेवढी आधी धरली होती तेवढीच.

मग त्रास का होतो, आणि जन्मापासून असूनही तो पंचेचाळिशीनंतरच का सुरू झाला? हृदय आकुंचन पावतं तेव्हा पट्टीखालची धमनी दाबली जाते. पण डाव्या हृदयाला रक्त मुख्यतः दोन आकुंचनांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं, त्यामुळे एरवी बिघडत नाही. मिनिटाला ७० ठोके असताना एक ठोका साधारण ०.८५ सेकंदाचा, आणि त्यातला जवळपास दोन-तृतीयांश वेळ विश्रांतीचा. पेटी खांद्यावर घेऊन चढ चढताना ठोके १४० झाले, की एकेक ठोका ०.४३ सेकंदाचा होतो आणि विश्रांतीचा वाटा निम्म्याहूनही खाली येतो. पट्टी जाड असेल तर धमनी पूर्ण उघडायलाही थोडा उशीर होतो आणि हा उशीर त्याच तुटपुंज्या वेळातून वजा होतो. वयाबरोबर रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू थोडा जाड आणि ताठर होतो, आधी जी तूट भरून निघत होती ती निघत नाही. काही जणांत धमनी आखडण्याची प्रवृत्तीही असते, त्यांना पहाटे बसल्या जागीही दुखतं. तुमचा त्रास फक्त कष्टात येतो आणि बसलं की जातो, तो या पहिल्या प्रकारात नीट बसतो.

तरीही सगळा दोष ब्रिजच्या माथी मारायच्या आधी मी काही साध्या गोष्टी बघतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड जास्त काम करत असेल तर ठोके उगाचच वाढलेले असतात, आणि ते बरं केलं की ब्रिज गप्प बसतो. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड नाही ना ते कळतं. तसा असेल तर हिशेब बदलतो. मग स्ट्रेस टेस्ट, शक्यतो इकोसहित. तुमच्या बाबतीत ती उपयोगाची आहे, भाच्याच्या बाबतीत नाही, हे विचित्र वाटेल; पण तुमचा प्रश्न ‘कष्टात रक्त कमी पडतं का’ हा आहे, त्याचा ‘एखाद्या दिवशी अचानक बंद पडेल का’ हा.

तुमच्या रिपोर्टातली मला महत्त्वाची वाटणारी ओळ तुम्ही प्रश्नात अर्ध्या वाक्यात उरकलीय: ब्रिजच्या अलीकडचा २५ ते ३० टक्क्यांचा ब्लॉक. पट्टीखालचा भाग बहुधा स्वच्छ राहतो, चरबी साठते ती तिच्या लगेच आधी, कारण तिथे रक्ताचा प्रवाह उलटसुलट होतो. आज तो ब्लॉक किरकोळ आहे, त्याने तुम्हाला दुखतही नसावं. पण ब्रिज आहे तिथेच राहणार आणि हा ब्लॉक वाढू शकतो. पुढच्या वीस वर्षांत तुम्हाला हार्ट अटॅक आला, तर तो बहुधा इथून किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या जागेवरून येईल. आणि नेमकं याबद्दलचं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही: बीपी किती, साखर किती, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल किती, तंबाखू आहे का. गुटखा आणि मशेरी म्हणजे तंबाखूच, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं. अशा ब्लॉकला मी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करतो आणि एलडीएल ७० च्या खाली आणायचा प्रयत्न करतो.

स्टेंट नको. ३० टक्क्यांच्या ब्लॉकला तो लागत नाही, आणि ब्रिजच्या आत टाकला तर स्नायू प्रत्येक ठोक्याला त्याला चिरडत राहतो. तो पुन्हा बंद होणं, मोडणं, टाकताना धमनीला छेद जाणं, हे सगळं नेहमीपेक्षा जास्त होतं. बायपासही इथे पहिला उपाय नाही: मूळ धमनीतून विश्रांतीच्या वेळात भरपूर रक्त जात असतं, त्यामुळे नवी जोडलेली वाहिनी न वापरली जाऊन बंद पडू शकते. औषधं पुरेशी देऊनही त्रास जगू देत नसेल, तर वरची स्नायूची पट्टी कापण्याचं ऑपरेशन असतं. तिथवर जाणारे थोडे.

औषध म्हणजे मुख्यतः ठोके कमी ठेवणारी गोळी: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा नेबिव्होलॉल. दमा असेल तर त्याऐवजी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल. या दोन गटांतल्या गोळ्या स्वतःहून एकत्र घेऊ नका, ठोके धोकादायकरीत्या मंदावतात. आणि एक आपल्याकडची खास गोष्ट: सॉर्बिट्रेट. घरोघरी ती जिभेखालची गोळी असते, शेजारच्या काकांनी दिलेली. ब्रिज असलेल्यात ती उलटी पडू शकते. तिने रक्तदाब उतरतो, ठोके वाढतात, पट्टीखालची धमनी जास्त दाबली जाते आणि दुखणं वाढतं. ज्यांची धमनी आखडते त्यांना ती उपयोगी पडते, म्हणून सरसकट वाईट म्हणत नाही. तुमच्यासाठी ती लिहून दिलेली नसेल तर घेऊ नका.

बाग विकू नका. फक्त कामाची पद्धत बदला. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामावाटे पाणी जातं, ठोके वाढतात, आणि ब्रिजला नेमकं हेच सोसत नाही. काम पहाटे सुरू करा, दहा-अकरानंतर सावलीत पेट्या भरण्याचं बघा. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, कोकम सरबत घ्या. कोकम सरबतात साखर घालताना हात आखडता घ्या. बसल्या जागेवरून उठून एकदम भरली पेटी उचलू नका, आधी थोडं चाला. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर अजिबात चढायचं नाही, कारण उठताना चक्कर येऊ शकते आणि कलमावरून पडणं ब्रिजपेक्षा जास्त घातक आहे. पुढेही ते काम गड्यांकडे राहिलं तर बरं. सपाटीवर रोज चालणं मात्र सुरू ठेवा, ते थांबवायचं काही कारण नाही.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगतो. मासे खा, तळण्याऐवजी कालवणात. खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड यांतलं मीठ बीपी वाढवतं, ते पावसाळ्यातही रोज नको. ओलं खोबरं वाटणापुरतं ठीक, खोबरेल तेलात रोजचा स्वयंपाक असेल तर बदला, त्याने एलडीएल वाढतं.

घराण्याच्या दोषाचं. तुमचा ब्रिज इतका सामान्य आहे की कुठल्याही मोठ्या घरात दोन-चार माणसांत तो निघेल. भाच्याच्या रचनेशी त्याचा संबंध जोडण्याचं कारण नाही. भाच्यासारखी रचना बहुतेक वेळा एकट्यादुकट्यात असते, क्वचित घरात आढळल्याची उदाहरणं आहेत. म्हणून त्याच्या सख्ख्या भावंडांचा एकदा इको करून घ्यावा आणि इको करणाऱ्याला ‘दोन्ही धमन्या कुठून निघतात ते बघा’ असं मुद्दाम सांगावं, नाहीतर ते बघितलं जाईलच असं नाही. तुमच्या मुलांना या कारणासाठी काही करायला नको.

नातेवाइकांपैकी आणखी कुणाच्या रिपोर्टात असलं काही निघालं, तर थोडक्यात: ‘लेफ्ट डॉमिनन्स’ (हृदयाच्या मागच्या-खालच्या भागाला उजवीऐवजी डाव्या धमनीतून रक्त मिळणं), डाव्या बाजूच्या दोन शाखांना वेगवेगळी तोंडं, सर्कमफ्लेक्स ही डाव्या धमनीची बाजूने मागे वळणारी शाखा उजवीकडून निघून महाधमनीच्या मागून जाणं, यांपैकी कशानेच सहसा आयुष्य बदलत नाही. शेवटची गोष्ट पुढे कधी झडपेचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला सांगावी. उजवी धमनी डावीकडून निघून दोन धमन्यांमधून जाणं मात्र तरुणात आणि लक्षणं असतील तर गंभीरपणे घ्यायचं, आणि पन्नाशी-साठीत सहज सापडलं असेल तर बहुधा तसंच राहू द्यायचं.

तुमचा सीटी दरवर्षी करायला नको, ब्रिज बदलत नाही आणि किरणोत्सर्ग फुकट जातो. वर्षातून एकदा तपासणी, एलडीएल, बीपी, साखर पुरे. पण छातीत दुखणं पंधरा मिनिटांत थांबलं नाही, बसल्या जागी आलं, घाम किंवा धाप लागली, तर ‘हा आपला ब्रिजच’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. आणि भाच्याच्या रिपोर्टातली धमनीच्या मार्गाची ओळ मिळाली की मला शब्दशः लिहून कळवा, तुमची स्ट्रेस टेस्ट होईपर्यंत थांबू नका.